शेवटचा सांधा

सकाळी साडेसातलाच अण्णा इस्त्रीचा सदरा घालून दाराशी खुर्ची टाकून बसले होते. किल्ल्यावर जायचं होतं दहाला. थोरल्या मुलाच्या बायकोनं, थोरलीनं, स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाहिलं आणि तिच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच. थोरल्यानं मागच्या वर्षी एका मोठ्या दवाखान्याची सगळी फरशी केली होती, चार मजले. ती बघायला याच माणसाला चारदा बोलवावं लागलं होतं. आणि आले तेव्हा जिन्यापाशीच उभं राहून "गुळगुळीत आहे" एवढंच बोलले आणि परत फिरले.

"बघा, बघा जरा बाहेर," ती नवऱ्याला म्हणाली. "नवरदेव बसलाय."

"बसू दे." थोरला बुटाची नाडी बांधत होता.

"बसू दे ना! माझं काय जातंय? अठरा वर्षं या घरात मीच वाढतेय त्यांना, पण माझ्यासाठी कधी इस्त्रीचा सदरा निघाला नाही. धाकटे भाऊजी दोन महिन्यांतून एकदा येतात, तेव्हा घरात कसं चैतन्य येतं!"

"सकाळी सकाळी सुरू करू नकोस."

"मी कुठं सुरू केलं? तुमचं तोंडच सांगतंय. काल रात्रीपासून एक शब्द धड बोलला नाहीत."

थोरल्यानं नाडी आणखी घट्ट ओढली, कारण ती बोलली ते खरं होतं.

या घराण्यात एकच पदवी होती आणि ती कुठल्या शाळेत मिळत नव्हती. भिंतीचं काम संपत आलं की दगडांमधला शेवटचा सांधा मोकळा ठेवायचा. घरातलं वडीलधारं माणूस येणार, सगळी भिंत हातानं तपासणार. मनाला आली तर तो सांधा भरायला लावणार आणि ओल्या चुन्यात आपला अंगठा दाबणार. त्या दिवसापासून काम करणारा मिस्त्री. ठसा मिळाला नाही तर माणूस म्हातारा झाला तरी नुसता गवंडी. अण्णांना त्यांच्या वडिलांनी गिरणीच्या धुराड्यावर ठसा दिला होता. अण्णांनी आजवर कुणालाच दिला नव्हता.

थोरल्याचा नंबर यायचा तेव्हा चुन्याची कामंच बंद पडली. तीन-तीन आठवडे चुना मुरायची वाट बघायला कुणाला वेळ नव्हता. घरात पाच तोंडं होती. थोरल्यानं सिमेंट हातात घेतलं, मग फरशी घेतली, आणि घर उभं ठेवलं. धाकटा त्यातलंच खाऊन मोठा झाला. पुढं किल्ल्याची डागडुजी निघाली, तिथं जुन्या पद्धतीनंच काम हवं होतं, आणि तिथं लागला कोण, तर धाकटा. आता त्यानं कोठाराची भिंत संपवली होती आणि शेवटचा सांधा मोकळा ठेवून अण्णांना बोलावलं होतं. किल्ला लोकांसाठी उघडायला आठवडा होता. आज फक्त घरची माणसं.

*

आक्का थोरल्याच्या टेम्पोत पुढं बसली, कारण आक्का नेहमीच पुढं बसायची. तिघा भावंडांत ती सगळ्यांत मोठी, शाळेत शिकवता शिकवता केस पांढरे झालेली. आई गेली तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता. त्याला तिनंच वाढवलं, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की तिच्या अंगाची लाही व्हायची.

"टेम्पो झाडायचा तरी होतास," ती थोरल्याला म्हणाली. "अण्णांचा सदरा बघ, मागून पांढरा झाला."

"सिमेंट आहे ते. करडं असतं. पांढरा असतो तो चुना."

"ज्याचं त्याला ठाऊक."

"आक्का, आजच्या दिवस तरी," मागून थोरली गोड आवाजात म्हणाली. तिचा असा गोड आवाज निघाला की आक्का सावध व्हायची.

मजा अशी होती की या घराच्या गच्चीवरून किल्ल्याचा बुरूज रोज दिसायचा. गवंड्यांच्या तीन पिढ्या त्याच्याकडं बघत जेवल्या. पण धाकटा कामाला लागेपर्यंत आत एकानंही पाऊल ठेवलं नव्हतं. आधी तो तुरुंग होता, मग सरकारी गोदाम, मग नुसतं कुलूप. अण्णा लहानपणी बाहेरच्या भिंतीला कान लावून उभे राहायचे, असं ते स्वतःच सांगत. कशासाठी, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

दरवाजातून आत जाताना अण्णा थांबले. वर बघत राहिले. कमानीचे दगड एकमेकांना धरून उभे होते, मध्ये सुरी जाईल एवढीही फट नाही.

"अरे," अण्णा म्हणाले. मग, "इतकी वर्षं आपण बाहेरूनच नावाजत होतो याला. खरं काम तर आत आहे."

धाकटा पुढं आला, वाकून पाया पडला. त्याच्या हातांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या. थोरल्यानं आधी ते हात बघितले. मग स्वतःचे बघितले. त्याचे हात स्वच्छ होते, फरशी कापायच्या यंत्रानं गेलेलं अर्धं बोट सोडलं तर.

कामावरच्या इंजिनिअरबाई भेटायला आल्या. "तुम्ही अण्णा का? तुमच्या मुलाचे हात म्हणजे सोनं आहेत हो. असा माणूस आता मिळत नाही." मग थोरल्याकडं वळून सौजन्यानं विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी भाऊ."

"तुम्हीही यातलेच?"

"मी फरशीवाला."

"हो का? छान," बाई म्हणाल्या, आणि त्यांना फोन आला म्हणून त्या बाजूला गेल्या. थोरलीनं नवऱ्याकडं पाहिलं. ते "छान" तिला चपलेखाली चिरडावंसं वाटलं.

*

धाकट्याला दरदरून घाम फुटला होता आणि कोठारात तर चांगला गारवा होता.

लांबच लांब खोली, वर कमानी, एका बाजूला चाळीस फूट भिंत. तिचा प्रत्येक सांधा त्यानं उकरला होता, धुतला होता आणि भरला होता. सात महिने. त्यातले बत्तीस फूट असे होते की तो कुणालाही छाती पुढं काढून दाखवू शकला असता. उरलेले आठ फूट दारामागच्या कोपऱ्यात होते, आणि शेवटचा सांधाही तिथंच होता, कारण काम तिथंच संपलं होतं.

तो कोपरा भरायच्या आठवड्यात थंडी पडली. चुना धरेना. भरला की दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होऊन हातात यायचा. तिकडं तारीख ठरली, पत्रिका छापल्या. धाकट्यानं शेजारच्या कामावरून अर्धं घमेलं सिमेंट आणलं आणि चुन्यात कालवलं. दिवसभरात कोपरा पक्का झाला. बाईंनी पाठ थोपटली. त्या रात्री तो जेवला नाही, पण सकाळी उठून त्यानं भिंत उकरलीही नाही.

"इथून सुरुवात करा, अण्णा," तो म्हणाला आणि त्यांना दारापासून लांबच्या टोकाला घेऊन गेला.

अण्णा भिंतीवरून हात फिरवत चालू लागले. सावकाश, सांध्यामागून सांधा. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, यासाठीच आपण याला वाढवला. शाळेत तीनदा नापास झालेलं पोर, ज्याच्यासाठी तिनं मुख्याध्यापकांपुढं हात जोडले होते. तिनं थोरल्याकडं बघितलं. तो भिंतीकडं बघतच नव्हता, तो अण्णांच्या बोटांकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते आक्काला मुळीच आवडलं नाही.

तिला माहीत नव्हतं ते थोरल्याला माहीत होतं. अण्णांच्या बोटांना काही कळत नव्हतं. आयुष्यभर चुन्यात हात घालून बोटं मेली होती. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी गॅसवरचं उकळतं पातेलं काठाला धरून उचललं आणि तसेच उभे राहिले, तेव्हा ते थोरल्यानं पाहिलं. हाताला फोड आले तरी अण्णांना समजलं नव्हतं. "कुणाला सांगू नकोस," अण्णा म्हणाले होते. थोरल्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही. अण्णांनी त्याला ठसा दिला नव्हता, शाबासकी दिली नव्हती, पण ही एक गोष्ट दिली होती आणि ती फक्त त्याची होती. धाकट्याकडं ती नव्हती. तेवढ्यावर तो तीन वर्षं जगत होता म्हटलं तरी चालेल.

म्हणजे आता हा नुसता देखावा चाललाय, त्याच्या मनात आलं. न कळणाऱ्या बोटांनी तपासणी. आणि ठसा मात्र खरा.

तो पुढं जाऊन दारापाशी टेकला. टेकता टेकता त्याची नजर खाली गेली.

कोपऱ्यातले सांधे वेगळे होते. बाकीची भिंत दुधाळ, हा भाग करडा, त्यात किंचित निळसर झाक. थापीचा हात फिरला होता तिथं चकाकत होतं. चुना कधी असा चकाकत नाही. अठरा वर्षं जो माल त्यानं रोज कालवला, तो त्याला अंधारातही ओळखता आला असता.

"काय झालं?" थोरली जवळ येऊन कुजबुजली. नवऱ्याचा चेहरा तिला वाचता यायचा.

"सिमेंट आहे यात."

"मग?"

"मग काय? सगळा खोटेपणा आहे. चुन्याचा मिस्त्री म्हणे!"

सकाळपासून थोरली ज्याची वाट बघत होती ते आयतं समोर आलं होतं. पण तिनं अण्णांकडं पाहिलं, आक्काकडं पाहिलं आणि नवऱ्याचं मनगट धरलं.

"बोलू नका."

"तूच सकाळी..."

"सकाळचं सकाळी. आता बोललात तर तुम्हीच वाईट दिसाल. भाऊजींना नाही कुणी काही म्हणणार. म्हणतील, भावाचं बरं झालेलं बघवत नाही."

"बघवत नाहीच," थोरला म्हणाला.

*

धाकट्यानं शेवटचा सांधा भरला. चांगला, निव्वळ चुन्यानं भरला; निदान एवढा तरी. थापी बाजूला ठेवून तो मागं सरला. अण्णांनी सदऱ्याची बाही वर केली आणि अंगठा पुढं नेला.

नेला आणि थांबवला.

"थोरल्या, इकडं ये."

"मी?"

"या भिंतीवरून हात फिरव, आणि मला सांग ठसा देऊ का."

आक्काला राहवलं नाही. "त्याला कशाला विचारताय अण्णा? तुम्ही एवढी भिंत तपासलीत की!"

"तपासली नाही. मला कळत नाही काही. तीन वर्षं झाली, बोटं मेलीत माझी. गरम-गार कळत नाही, गुळगुळीत-खरखरीत कळत नाही. मघापासून हात फिरवतोय तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून. पण ठसा तसा देता येत नाही. याला ठाऊक आहे. हा सांगेल तेच मी धरीन."

सगळे थोरल्याकडं वळले. बायकोनं तर अशी नजर टाकली की हे वेगळंच प्रकरण घरी गेल्यावर निघणार हे त्याला कळलं. त्याची एकट्याची गोष्ट अण्णांनी चारचौघांत ठेवून दिली होती. आणि त्याच तोंडानं त्याला असा मान दिला होता जो धाकट्याला सात महिने राबून मिळाला नव्हता. त्याला रडावंसं वाटलं आणि रागही आला, आणि दोन्हीच्या खाली, अगदी तळाशी, एक आनंद होता. आता सगळं त्याच्या जिभेवर होतं.

धाकटा त्याच्याकडं बघत होता. लहानपणी काच फोडली की असाच बघायचा, दादा सांगू नकोस ना. तेव्हा थोरल्यानं कधीच सांगितलं नव्हतं.

"देऊ नका," थोरला म्हणाला.

"का?"

"कोपरा सिमेंटचा आहे. सात-आठ फूट."

"जळतोस तू त्याच्यावर!" आक्काचा आवाज कमानीत घुमला. "त्याच्या जन्मापासून जळतोस. आई त्याला मांडीवर घ्यायची तेव्हाही तू..."

"जळतो," थोरला म्हणाला. "जळतोच मी. आज सकाळपासून जळतोय, काल रात्री झोप लागली नाही. पण हे सिमेंट आहे, आक्का. खोटं वाटत असेल तर पाणी टाकून बघ. चुना पाणी पितो."

खरं बोलताना माणसाला इतकी मजा येऊ नये. त्याला आली.

आक्कानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, भावाला खोटं पाडायच्याच इराद्यानं. वरच्या सांध्यावर तिनं पाणी ओतलं. भिंतीनं ते तिथल्या तिथं पिऊन टाकलं, नुसता ओला डाग राहिला. मग ती वाकली आणि कोपऱ्यातल्या सांध्यावर ओतलं. पाणी घरंगळत खाली आलं आणि तिच्या चपलेत गेलं. तिनं पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. बाटली रिकामी झाल्यावर ती सरळ उभी राहिली आणि धाकट्याला म्हणाली, "बोल."

"चुना धरत नव्हता, आक्का. तारीख ठरली होती."

"मला नको सांगू. त्यांना सांग."

"अण्णा, अर्धं घमेलं फक्त. मला वाटलं..."

"अर्ध्या घमेल्यानंही दगड मरतो," अण्णा म्हणाले. ते ओरडले नाहीत. "भिंतीतली ओल बाहेर यायला वाट लागते. तू वाट बुजवलीस. दहा वर्षांनी इथला दगड पापडासारखा सुटेल, आणि तेव्हा तू नसशील इथं. कोपरा उकरशील?"

"उकरतो."

"बाईंना सांगशील?"

"आत्ता सांगतो."

त्यानं थापीच्या टोकानं शेवटच्या सांध्यातला ओला चुना उकरून काढला आणि घमेल्यात टाकला. मग तो बाईंना शोधायला बाहेर गेला. थोरला आता वाट बघत होता. कशाची, ते त्यानं स्वतःला विचारलं नसतं, पण अण्णांनी एकदा खांद्यावर हात ठेवावा, एवढंच होतं ते.

धाकटा परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "कोपरा उकरायला सांगितलंय. कोठार सध्या बंद ठेवणार. मला काढलं नाही, पण त्या माझ्याशी नीट बोलल्याही नाहीत."

"किती दिवस?" अण्णांनी विचारलं.

"नवा चुना मुरवायचा तर महिना."

"मग मी महिनाभर तुझ्या खोलीवर राहतो. रोज इथं खुर्ची टाकून बसतो. तू एकटा होतास म्हणून घाई केलीस. शेजारी कुणी असतं तर केली नसतीस." आणि अण्णांनी धाकट्याचा दंड धरला.

थोरलीच्या मनात आधी आलं, चला, महिनाभर सुटका. आणि लगेच दुसरं आलं, म्हणजे माझ्या हातच्या जेवणाचं यांना काहीच नव्हतं का? तिनं मान दुसरीकडं वळवली.

थोरल्यानं मात्र मनात ठेवलं नाही. "अण्णा, मी सिमेंट हातात घेतलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसला नाहीत."

"तू चोरून घेतलं नव्हतंस," अण्णा म्हणाले. "तोंडावर सांगून गेलास. तुझी काळजी मला कधी वाटलीच नाही."

ही शाबासकीच होती. एवढी मोठी शाबासकी अण्णांनी आयुष्यात कुणाला दिली नसेल. पण थोरल्याला ती गिळता येईना, कारण अण्णांचा हात अजून धाकट्याच्याच दंडावर होता. तो खरं बोलला आणि वडील त्याच्या घरून गेले. दुसऱ्यानं लबाडी केली आणि त्याला ते महिनाभरासाठी मिळाले. आक्का जवळ येऊन हळूच म्हणाली, "चुकले रे मी," तर तो तिच्यावरच खेकसला, "चपला पुस आधी."

*

किल्ल्याच्या पायथ्याशी कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातल्या दोन धाकट्याच्या. लग्न झालं नव्हतं, पण खोली नीटनेटकी होती. अण्णा खाटेवर बसून खिडकीतून तटबंदी बघत होते आणि आक्काला काहीतरी दाखवत होते. घरच्या खिडकीशी ते असे कधी बसले नव्हते, हे थोरलीनं पाहिलं आणि ती टेम्पोत जाऊन बसली.

थोरला दाराबाहेर धाकट्याला समजावत होता.

"अंघोळीचं पाणी तू स्वतः हात घालून बघायचं. ते म्हणतील ठीक आहे. ऐकायचं नाही."

"बरं."

"काचेचा पेला द्यायचा नाही, निसटतो. कानाचा कप, आणि तोही अर्धाच भरायचा. सदऱ्याची बटणं लावून द्यायची, पण लावतोय असं दाखवायचं नाही. बोलता बोलता लावायची."

"बरं, दादा."

"संध्याकाळी पायाचे तळवे बघायचे. काही टोचलं, कापलं, तर त्यांना पायाचंही लवकर कळत नाही."

धाकटा मान खाली घालून ऐकत होता. "इतकं सगळं करतोस तू?" तो म्हणाला. "आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. आणि दादा, आज तू बोललास ते बरं केलंस. मला रोज झोप लागत नव्हती."

थोरल्याला वाटलं, याला झोपही आपणच द्यायची.

"अजून काही?" धाकट्यानं विचारलं.

अजून एक होतं. अण्णा पहिल्यांदा विचारलं की नकोच म्हणतात. भूक असो, थंडी वाजत असो, चहाची तलफ आलेली असो, पहिलं उत्तर नको. मग थोडं थांबून, दुसरीकडं बघत, पुन्हा विचारायचं. तेव्हा म्हणतात, दे थोडं. अठरा वर्षांत थोरल्यानं त्यांना कुठलीही गोष्ट एकदाच विचारली नव्हती.

"नाही," थोरला म्हणाला. "एवढंच."

आणि त्यानं जाऊन टेम्पो सुरू केला.